न ऐकता दहापैकी दहा

मी बारा वर्षं इंग्रजीचे पेपर तपासले आणि मला इंग्रजी येत नाही. हे वाचून कुणाला धक्का बसला असेल तर त्यांनी आधी पाणी प्यावं. पुढे आणखी आहे.

आमच्या मंडळाचे चिटणीस घरी आले आणि म्हणाले, "अक्का, दिवाळी अंकात यंदा लोकांनी आपापल्या नोकरीवर लिहायचंय. तुम्हीही लिहा." मी म्हटलं, तुमच्या अंकात कारखान्याचे साहेब लिहितात, बँकेचे साहेब लिहितात, तिथं झाडू मारणारीनं काय लिहायचं? ते म्हणाले, "झाडूचं नको. पेपरांचं लिहा." म्हणजे गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. सरी, म्हणजे बरं. लिहिते. शुद्धलेखन त्यांनी बघावं. माझं शिक्षण चौथी, तेही कन्नड शाळेत. मराठी लिहा-वाचायला वडिलांनी घरी शिकवलं. आमची माणसं शेकडो वर्षांपूर्वी मराठी फौजेच्या घोड्यांबरोबर या कन्नड गावात आली. घोडे गेले, आम्ही चामराजपेटेत राहिलो. त्यामुळे माझ्या मराठीत कन्नड येतं. पुण्याच्या लोकांना ते खटकतं. त्यांच्या मराठीत इंग्रजी येतं, ते मला खटकतं. फिटंफाट.

मी ज्या क्लासात होते तो बनशंकरीला, एका स्टेशनरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. चालवतात हेमा मॅडम. त्या मूळ पुण्याच्या, यजमान सरकारी कारखान्यात इंजिनियर. सहावी ते आठवीची मुलं येतात. गणित नाही, विज्ञान नाही, फक्त इंग्रजी. आणि इंग्रजीतही मुख्य दोन गोष्टी, ऐकणं आणि वाचणं. हल्ली शाळेच्या परीक्षेत या दोन्हींना वेगळे मार्क असतात. आमच्या वेळी ऐकलं नाही तर मास्तर छडी द्यायचे. आता ऐकलं तर मार्क देतात.

मला घेतलं होतं दार उघडायला, झाडायला आणि मुलांच्या चपला ओळीत लावायला. पहिल्याच आठवड्यात मॅडमच्या हातात एक पुठ्ठा बघितला. त्याला दहा भोकं. मुलाची उत्तरपत्रिका खाली, पुठ्ठा वर. भोकातून पेनचा गोल दिसला तर उत्तर बरोबर, कोरा कागद दिसला तर चूक. मी म्हटलं, "मॅडम, हे मला जमेल." त्या हसल्या. पण महिन्याभरात सगळे पेपर माझ्याकडे आले आणि मॅडम पालकांशी बोलायला मोकळ्या झाल्या.

पुढे पुठ्ठेही मीच करू लागले. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा चांगला, वाकत नाही. भोक पाडायचं यंत्र पुठ्ठ्याच्या कडेलाच चालतं, मधोमध पोचत नाही, म्हणून मी पेटती उदबत्ती टेकवून भोक पाडायची. गोल स्वच्छ पडतं. आमच्या क्लासातल्या पेपरांना चंदनाचा वास यायचा. एका आईनं मॅडमना विचारलं होतं, मुलांची एकाग्रता वाढावी म्हणून का? मॅडम "हो" म्हणाल्या. तेव्हापासून ते क्लासच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे.

ऐकण्याचा पेपर कसा असतो ते सांगते. मुलांना प्रश्नांचा कागद द्यायचा. दोन मिनिटं तो वाचायला. मग मी मोबाइलवर वरून जितक्या नंबरचा सेट असेल तितक्या नंबरचं बटण दाबायची आणि टेबलावरच्या डबड्यातून आवाज यायचा. एक बाई आणि एक बुवा बोलतात. बाईचं नेहमी काहीतरी हरवलेलं असतं आणि बुवाला नेहमी कुठलीतरी गाडी पकडायची असते. हे दोनदा वाजवायचं. मुलांनी चारातलं एक अक्षर गोल करायचं. मध्ये बोलायचं नाही. शेवटी मी बरोबर अक्षरं फळ्यावर लिहायची. मला इंग्रजीची चारच अक्षरं त्या कामात लागायची, तेवढ्यावर बारा वर्षं निघाली. सेट मी आवाजावरून ओळखायची. एक खोकणाऱ्या बुवाचा, एक घंटेचा, एक मागं कुत्रं भुंकतं तो.

सगळे मिळून चोवीस सेट. ते जूनपासून परीक्षेपर्यंत तीन वेळा फिरवायचे. तेच सेट, तेच कागद, तीच उत्तरं. पहिल्या फेरीत मुलांना तीन-चार मार्क, दुसऱ्या फेरीत सात-आठ, तिसऱ्या फेरीत दहा. मॅडम याचा आलेख काढून पालकांना दाखवायच्या. रेघ खालून वर जायची. मी एकदा म्हटलं, "मॅडम, मुलांना उत्तरं पाठ झालीत." मॅडम म्हणाल्या, "अक्का, त्यालाच सराव म्हणतात." आणि वहीत फक्त तिसऱ्या फेरीचे मार्क चढवायचे असा नियम केला. पहिल्या फेरीचे कागद मी चपलांच्या कपाटात खाली अंथरायची.

वाचण्याचंही तसंच. मॅडमची पद्धत अशी की उतारा वाचायचाच नाही. प्रश्नातला मोठा शब्द धरायचा, उताऱ्यात तो कुठं दिसतो ते शोधायचं, ते वाक्य खाली उतरवायचं. एका दुपारी मुलं यायची होती, मी रिकामी होते. मी एक कागद घेतला आणि तसं केलं. शब्दाचा आकार बघायचा, सारखा आकार शोधायचा, चित्र काढल्यासारखं वाक्य काढायचं. तो कागद मी गठ्ठ्यात सारला. वाचनाचे पेपर मॅडम तपासायच्या. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "अक्का, ही नवीन मुलगी कोण? हँडरायटिंग फार खराब आहे, पण कन्सेप्ट क्लिअर आहे. सात दिलेत." मी म्हटलं, "मीच ती." उतारा उंटावर होता हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं. मी बँकेवर समजत होते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तो कागद फाडला आणि म्हणाल्या, "हे पालकांना नका सांगू."

आता श्रावणीचं.

श्रावणी आठवीत. आई-वडील चार वर्षांपूर्वी नाशिककडून इकडे बदलून आलेले. तिचं शाळेत इंग्रजीत चालत नव्हतं. आठवीच्या पहिल्या परीक्षेत ऐकण्यात दहापैकी दोन, तोंडी परीक्षेत तीन. हल्ली आठवीत नापास करायची मुभा शाळांना आहे, आणि शाळेनं कागदावर लिहून दिलं होतं की वार्षिक परीक्षेत इंग्रजीत पास झाली नाही तर पुन्हा आठवीत बसवू. मैत्रिणी पुढे जाणार, ही मागे राहणार. ती पोर त्याच्यावर बोलत नसे, पण तिच्या कंपासपेटीत तो शाळेचा कागद घडी करून ठेवलेला मी बघितला होता.

क्लासात मात्र ती सोन्यासारखी. बडबड नाही, खिदळणं नाही, "अक्का, आवाज वाढवा" नाही, "अक्का, पंखा कमी करा" नाही. मी तिला शेवटच्या बाकावर खिडकीशी बसवलं. पुढची जागा गडबड करणाऱ्यांसाठी, माझ्या हाताच्या अंतरावर. मला मुलांच्या पाठीमागं पुटपुटायची सवय आहे. कन्नड-मराठी मिसळून मी त्यांना काय काय म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाकीची मुलं वळून तोंड वाकडं करायची. श्रावणीनं कधी वळून बघितलं नाही. मला वाटायचं, संस्कार.

तिला आणायला-सोडायला तिचे आजोबा यायचे, नाना. बसमध्ये कंडक्टर म्हणून जन्म गेला. पन्नास माणसांना मागून पुढं सरकवलेला आवाज. पण क्लासच्या पायरीवर माझ्याशेजारी बसले की पहिली पाच मिनिटं कुजबुजतच बोलायचे. मी विचारलं, "नाना, घसा बसलाय का?"

"घसा ठीक आहे हो. घरात मराठी बंद आहे."

"बंद म्हणजे?"

"परीक्षा होईस्तोवर घरात फक्त इंग्रजी. सूनबाईंचा नियम. क्लासात सांगितलं ना म्हणे, वातावरण पाहिजे. मी मराठीत बोललो तर वातावरण बिघडतं. मग मी खोलीत स्वतःशी बोलतो, हळू."

"आणि जेवायला मागायचं कसं?"

"दोन शब्द शिकवलेत. व्हेरी नाइस. भाजी आली की व्हेरी नाइस. पाहुणे आले की व्हेरी नाइस. परवा गॅस संपला तेव्हाही तेच म्हणालो. दुसरं काय म्हणणार?"

मी हसले, ते हसले नाहीत. म्हणाले, "नात माझी असून परकी झाली, अक्का. मी मागनं हाक मारली तर ओ देत नाही. सून म्हणते, शाबास, तेच सांगितलंय तिला, मराठीत हाक मारली तर ओ द्यायची नाही. पोरगी किती नियम पाळते बघा."

हे मी ऐकलं आणि चपला लावायला गेले. डोकं तेव्हा चाललं नाही. चालायला हवं होतं.

परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. तिसरी फेरी चालू होती. आठ मुलं. सेट खोकणाऱ्या बुवाचा. चौथा प्रश्न झाला आणि डबड्याचं चार्जिंग संपलं. बुवा अर्ध्या खोकल्यावर गप्प. मी मागं खिडकीशी उभी होते. मुलांनी एकमेकांकडे बघितलं आणि तोंडावर हात दाबले. अक्काच्या लक्षात कधी येतं ते बघू, असा त्यांचा बेत. मीही उभीच राहिले, यांची मजा किती वेळ चालते बघू म्हणून.

सात पेनं थांबली होती. आठवं चालू होतं.

श्रावणी खाली मान घालून पाचव्या प्रश्नाला गोल करत होती. मग मान वर केली, डबड्याकडे बघितलं. चेहरा असा की नीट लक्ष देऊन ऐकतेय. मग सहावा. पुन्हा वर बघणं, पुन्हा गोल. सातवा. खोलीत कुणी चकार शब्द काढत नव्हतं आणि ती ऐकत होती. आठव्याला तिला बाकीच्यांचे हलणारे खांदे दिसले. सगळे हसताहेत हे बघून तीही हसली. उशिरा, आणि बाकीच्यांसारखंच तोंडावर हात ठेवून. मग नववा, दहावा.

मी तिचा कागद घेतला, पुठ्ठा ठेवला. दहापैकी दहा. बाकीच्या सातांचे चार-चार, कारण सेट तिथंच मेला होता.

उत्तरं सगळ्यांना पाठ होती, त्याचं मला काही नाही. पण सेट बंद पडला हे सात जणांना कळलं आणि एकीला कळलं नाही. मी तिच्या मागं गेले, आणि रोजच्या आवाजात म्हटलं, "श्रावणी, तुझ्या वेणीवर पाल बसलीय."

सात मुलं किंचाळून बाकावर चढली. श्रावणी पेनाचं टोपण लावत होती. किंचाळी ऐकून तिनं दचकून वर बघितलं, आणि सगळे आपल्याकडे का बघताहेत ते तिला समजेना.

मुलं गेल्यावर मी मॅडमना सांगितलं. त्या मोबाइलवर आलेख बघत होत्या.

"अक्का, तिचे तिसऱ्या फेरीत सगळ्या सेटमध्ये दहा आहेत. माझी बेस्ट स्टुडंट आहे ती."

"मॅडम, ती फळा बघते. ऐकत नाही."

"शाळेत दोन पडतात ते एक्झाम फिअर आहे. मी तिच्या आईला सांगितलंय."

"पोरगी बहिरी आहे."

"हळू!" मॅडमनी दाराकडे बघितलं. "असं बोलतात का? ऐकण्याचा क्लास आहे आपला. आमच्याकडे वर्षभर ऐकायला येणाऱ्या मुलीला ऐकू येत नाही असं बाहेर गेलं तर? आणि तीन आठवड्यांवर परीक्षा आहे, आता कशाला हे काढता? पास होऊ दे तिला, मग बघू."

मी म्हटलं, "पास कशी होणार? शाळेत माझा फळा नाही."

त्या पुन्हा आलेख बघू लागल्या. मी पायऱ्या उतरून खाली आले. श्रावणीची आई वीणाताई त्या दिवशी स्वतः गाडी घेऊन आल्या होत्या. नाना गाडीपाशी उभे. श्रावणी पुढे दुकानाच्या काचेतल्या वह्या बघत होती, पाठ आमच्याकडे. मी वीणाताईंना तिथंच सांगितलं. गोड करून सांगायला मला येत नाही.

त्या म्हणाल्या, "अक्का, काहीतरीच काय! घरी मी बोलते त्याचं सगळं बरोबर उत्तर देते ती."

"समोर बसून बोलता?"

"अर्थात. बोलताना आय कॉन्टॅक्ट ठेवायचा हे मॅडमनीच शिकवलंय. ती तर एक क्षण नजर हटवत नाही."

"मग आता पाठीमागनं बोलवा."

त्यांनी हाक मारली. "श्रावणी, कम हिअर." ती वह्या बघत होती. पुन्हा हाक मारली. पुन्हा.

मी म्हटलं, "मराठीत ओ द्यायची नाही हा तुमचा नियम. हे तर इंग्रजी होतं ना?"

तेवढ्यात नानांचा धीर सुटला. कित्येक महिने कोंडलेला आवाज रस्त्यात मोकळा झाला. "श्रावणेऽऽ!" समोरच्या रिक्षावाल्यानं ब्रेक मारला. आणि श्रावणी वळली.

वीणाताई म्हणाल्या, "बघा! इंग्लिशला नाही वळली, मराठीला वळली. म्हणूनच मी सांगते बाबा, तुम्ही घरात मराठी बोलू नका, तिचा कान तिकडे जातो."

"मराठीला नाही वळली, आवाजाला वळली," मी म्हटलं. "तुम्ही तेवढ्या जोरात इंग्रजीत ओरडा."

"इथं? रस्त्यात?"

श्रावणी पुन्हा काचेकडे वळली होती. नानांनी सुनेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, छाती भरून घेतली आणि त्यांना येत होतं तेवढं सगळं इंग्रजी एका दमात सोडलं. "व्हेरी नाऽऽइस!"

श्रावणी वळली. रिक्षावालाही वळला. "येन आयतु, अज्जा?" म्हणाला. काय झालं आजोबा, असं.

वीणाताई हळूहळू चालत मुलीच्या मागं गेल्या, हातभर अंतरावर उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही. श्रावणीनं दप्तराचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि वह्या बघत राहिली. वीणाताई तिथंच उभ्या राहिल्या. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा ती वळली आणि आईच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "यस, मम्मा?"

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कानांनी कमी. लहानपणी कान फुटायचे, त्याचं राहिलेलं. जवळून, तोंडाकडे बघून बोललं तर कळतं. लांबून नाही, डबड्यातून तर नाहीच. मशीन लावा. हे सगळं मला नानांनी पायरीवर सांगितलं, मोठ्या आवाजात. आणि म्हणाले, "सूनबाई म्हणतात, दोन आठवड्यांवर परीक्षा आहे. मुली चिडवतील, हिचं लक्ष उडेल. परीक्षा होऊ दे, मग मशीन लावू. डॉक्टरसुद्धा चालेल म्हणाले."

मी म्हटलं, "ऐकण्याची परीक्षा होऊ दे, आणि मग कान लावू?"

नाना पायरीवरून उठले. "हे असंच जाऊन सांगतो," म्हणाले.

"मराठीत सांगा."

काय सांगितलं, घरात काय झालं, मला माहीत नाही. पण परीक्षेला आठ दिवस राहिले असताना श्रावणी क्लासात आली ती केस मोकळे सोडून, कान झाकून. आल्या आल्या पंख्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "अक्का, हा असाच आवाज करतो? नेहमी?"

"नेहमी. बंद करू?"

"नको, थांबा स्वल्प." ती पंख्याखाली उभी राहिली. मग म्हणाली, "आता करा बंद. डोकं दुखलं."

मी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि मॅडमच्या कपाटातून नवा सेट काढला. पुढच्या वर्षीसाठी आणून ठेवलेला, अजून कुणी न ऐकलेला. मॅडम धावत आल्या. "अक्का, नवा सेट आत्ता? हिचा कॉन्फिडन्स जाईल! सगळे दहा आहेत तिचे."

"कान आलाय मॅडम. कॉन्फिडन्स गेला तर जाऊ दे."

नव्या सेटचा पुठ्ठा मी सकाळीच भोकं पाडून ठेवला होता. बटण दाबलं. या सेटमध्ये बाईची छत्री हरवली होती, हे मला श्रावणीनंच मागाहून सांगितलं. ती ऐकताना भुवया आवळत होती, मध्येच खोडत होती, दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा तिनं हात वर करून "आवाज वाढवा" म्हटलं. बारा वर्षांत या मागणीवर मी न पुटपुटता आवाज वाढवला तो त्या दिवशीच.

पुठ्ठा ठेवला. सहा भोकांत शाई, चार कोरी.

तिचं तोंड उतरलं. "सहा? मला नेहमी दहा पडतात."

"ते दहा फळ्याचे होते. हे सहा तुझे आहेत."

मॅडम म्हणाल्या, "पहिली फेरी आहे, वहीत चढवू नका." मी चढवले. पेननं. श्रावणीच्या नावापुढे दहा, दहा, दहा अशी ओळ आहे आणि शेवटी सहा. मॅडमनी त्यावर्षीच्या आलेखातून तिची रेघ काढून टाकली, कारण ती शेवटी खाली येत होती.

उरलेले आठ दिवस मी तिला मोबाइलवरचं काहीच वाजवलं नाही. मॅडमना म्हटलं, तुम्ही हिच्या मागं उभं राहून मासिकातलं काहीही वाचा. मॅडम आधी कुरकुरल्या. पण त्या चांगल्या वाचतात, हे सांगायला पाहिजे. बारा वर्षांत त्यांना स्वतः मुलांना काही वाचून दाखवताना मी पहिल्यांदा बघितलं. बाकीची सात मुलंही ऐकत बसली. मला एक शब्द कळला नाही, तरी मी चपला लावायचं विसरले.

परीक्षा झाली. एप्रिलमध्ये निकाल लागला. श्रावणी पास. ऐकण्यात सात, वाचण्यात बरे, एकूण पास होण्याच्या रेघेच्या जरा वर. नववीत गेली, मैत्रिणींबरोबर. क्लासच्या बोर्डावर तिचा फोटो लागला नाही. तिथं नव्वदच्या वरचे लागतात. वीणाताईंनी घरात मराठी सुरू केलं. नाना म्हणतात, आता नात दिवसभर बोलते, त्यांना संधीच मिळत नाही.

मी यंदा काम सोडलं. गुडघे जिना चढू देत नाहीत. जाताना जुन्या वह्या उघडून बघितल्या. बारा वर्षांची मुलं, पानोपानी दहा. पहिल्या फेरीत कुणाकुणाला सारखे दोनच पडायचे, ते मला आता आठवत नाही. ते कागद मी चपलांखाली घातले. मला इंग्रजी येत नव्हतं ही सबब तिथं चालत नाही. दोन आणि दहा यातला फरक कळायला इंग्रजी लागत नाही, चौथी पुरते.

निकालाच्या दिवशी श्रावणी पेढे घेऊन आली होती. केस वर बांधलेले, मशीन दिसतंय, त्याची तिला फिकीर नाही. जिन्यावरून उड्या मारत उतरली, माझ्या ओळीत लावलेल्या सगळ्या चपला लाथेनं उडवल्या आणि फाटकाकडे पळाली. मी वाकून चपला गोळा करता करता सवयीनं पुटपुटले. काय ते लिहीत नाही, चिटणीस छापणार नाहीत.

ती फाटकाशी थांबली. पाठ माझ्याकडेच होती.

"अक्का," ती न वळताच म्हणाली, "ऐकलं हं मी."

आणि परत येऊन चपला लावू लागली. डावी-उजवी उलटी लावत होती. मी यावेळी मनातच पुटपुटले.